चेंडूवर सही तुमची आहे

मेजर लीग बेसबॉलचे आयुक्त श्री. रॉब मॅनफ्रेड यांस,

स. न. वि. वि.

हिशेबाची आणि मापाची गोष्ट मी जन्मभर मराठीत बोलत आलो, म्हणून हे पत्रही मराठीतच लिहितोय. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत तुमच्या मैदानांवर तिकीट काढून बसणारी मराठी घरं आता कमी नाहीत. त्यांच्या मुलांच्या कपाटात तुमच्या सहीचे चेंडू जपून ठेवलेले असतात. त्यांच्यापैकीच कुणीतरी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचवेल अशी आशा आहे.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ३१ वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो. समोर ड्रॉइंग, हातात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, आणि जॉब पास की रिजेक्ट एवढं सांगायचं. निवृत्त झालो आणि २०१५ पासून बहुतेक उन्हाळे एडिसनला मुलीकडे काढतो. क्रिकेटवर वाढलेला माणूस मी, संध्याकाळी नातवाशेजारी बसून बेसबॉल बघायला लागलो आणि हळूहळू त्यात गुंतलो. पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, शिवणीवर बोटं कुठं ठेवलीत, मनगट कसं सोडलं, हे बघण्यात माझा जीव रमतो. नातू एका वहीत होम रन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे कुंपणापार गेलेले फटके, लिहून ठेवतो. तारीख, मारणारा, टाकणारा, अंतर. त्या वहीमुळेच मला हे सगळं दिसायला लागलं.

मी बघायला सुरुवात केली ते साल नेमकं २०१५ होतं. त्या मोसमाच्या उत्तरार्धातच होम रन एकदम वाढायला लागले होते. २०१४ मध्ये तुमच्या ३० संघांनी मिळून ४,१८६ होम रन मारले होते. २०१५ मध्ये ४,९०९ झाले, २०१६ मध्ये ५,६१० आणि २०१७ मध्ये ६,१०५. त्याआधीचा उच्चांक २००० सालचा, ५,६९३, आणि तो उत्तेजकांच्या काळातला म्हणून सगळेच त्याच्याकडे संशयानं बघतात. २०१८ मध्ये आकडा ५,५८५ वर उतरला आणि २०१९ मध्ये उसळून ६,७७६ वर गेला. मोसमात सामने तेवढेच, २,४३०. म्हणजे २०१४ मध्ये एका सामन्यात दोन्ही संघ मिळून पावणेदोनच्या आत असलेला आकडा पावणेतीनच्या वर गेला. २०१८ मध्ये न्यूयॉर्क यांकीजनं एका मोसमात २६७ होम रन मारून संघाचा विक्रम केला होता. पुढच्याच वर्षी चार संघ त्याच्या पुढे गेले. मिनेसोटा ट्विन्स ३०७, यांकीज ३०६.

इन्स्पेक्शनवाल्या माणसाला असा आलेख दाखवला की तो कारागिराचं कौतुक करायच्या आधी एक प्रश्न विचारतो. माप बदललं का?

माझ्या वडिलांचं बार्शीला किराणा दुकान होतं. लोखंडी वजनांच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर वजनमापे खात्याचा ठसा असतो. ठरावीक मुदतीनं निरीक्षक यायचे, वजनं तपासायचे, झिजलेल्या वजनात शिसं भरून घ्यायला लावायचे आणि नवा ठसा मारायचे. वजन झिजणं हा गुन्हा नव्हता, लोखंड झिजणारच. ठसा नसलेलं वजन वापरणं हा गुन्हा होता. वडील आम्हाला एवढंच सांगायचे की मापात पाप नको. तुमच्या प्रत्येक चेंडूवर तुमची सही छापलेली असते. मी ती सही त्या शिशावरच्या ठशासारखीच बघतो. हे पत्र त्या सहीबद्दल आहे.

तुम्ही मुद्दाम चेंडू फुगवला असा आरोप मी करत नाही. तुम्हीच नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीला तसा पुरावा सापडला नाही आणि मी ते मानतो. पण माप बदललं हे त्याच समितीनं दोनदा सांगितलंय. इलिनॉय विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक अॅलन नेथन तिचे प्रमुख होते. मे २०१८ च्या अहवालात त्यांनी लिहिलं की २०१५ पासूनच्या वाढीचं मुख्य कारण चेंडूला हवेचा होणारा अडथळा, ज्याला ड्रॅग म्हणतात, तो कमी झालाय. डिसेंबर २०१९ च्या अहवालात सांगितलं की २०१९ च्या वाढीतला ६० टक्के वाटा ड्रॅगचा आणि ४० टक्के वाटा बॅटर ज्या तऱ्हेनं चेंडू मारतात त्याचा. ड्रॅगमधल्या बदलापैकी ३५ टक्के बदल शिवणीच्या उंचीमुळे. उरलेल्याचं कारण त्यांनाही हाती लागलं नाही.

ड्रॅग म्हणजे किती मोठी गोष्ट आहे, हे मी नातवाला कागदावर मांडून दाखवलं. बॅटवरून चेंडू ताशी १०० मैल वेगानं, २८ अंशांच्या कोनात सुटला असं धरा. हवाच नसती तर तो साडेपाचशे फुटांवर पडला असता. प्रत्यक्षात पडतो चारशेच्या आसपास. दीडशे फूट हवेनं खाल्ले. आणि तुमच्या मैदानांची कुंपणं आहेत ३३० ते ४०० फुटांवर, म्हणजे बरोबर त्या टप्प्यात जिथं हवा चेंडूला खाली आणते. हवेच्या दीडशे फुटांच्या घासातले चार-पाच फूट कमी झाले की कुंपणापाशी झेल होणारे चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडतात. बॅटर तोच, त्याची ताकद तीच, कोन तोच.

आता मूळ गोष्टीकडे येतो, ती म्हणजे शिवण. २०१९ मधल्या चेंडूंची शिवण आदल्या वर्षीपेक्षा सरासरी किती बसकी होती? एका इंचाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. आमच्या भोसरीत त्याला एक थाऊ म्हणतात. माणसाचा केस दोन-तीन-चार थाऊ जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीचा एक तुकडा. हातानं शिवलेल्या वस्तूत तेवढा फरक बोटाला कळणारही नाही. पिचरच्या बोटाला कदाचित कळेल, कारण त्याचं पोट त्या शिवणीवर आहे.

शिवणीचा परिणाम खरंच इतका होतो का, असं कुणी विचारलं तर उदाहरण तुमच्याच देशातल्या कॉलेज बेसबॉलचं आहे. तिथं धावा आटल्या म्हणून २०१५ पासून उघडपणे, आधी जाहीर करून चेंडू बदलला. आधीच्या चेंडूची शिवण ४८ थाऊ उंच होती, नव्याची ३१. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दोन्ही चेंडू सारख्याच वेगानं उडवून बघितले तेव्हा बसक्या शिवणीचा चेंडू सुमारे २० फूट जास्त लांब गेला. कॉलेजांमधले होम रन त्या मोसमात वाढले आणि त्याबद्दल कुणी ओरडलं नाही. का ओरडलं नाही, हे लक्षात घ्या. सगळ्यांना आधी माहीत होतं.

मागच्या महिन्यात आम्ही घरी एक चेंडू उघडला. २०२१ च्या मोसमात जावईबापूंच्या हाताला लागलेला फाऊल बॉल होता तो. नातू आधी तयार नव्हता. सहीला कात्री लागू द्यायची नाही, या अटीवर मानला. मग मी लाल दोऱ्याचा एकेक टाका मागच्या बाजूनं उसवत गेलो. १०८ दुहेरी टाके, सगळे माणसाच्या हातचे, कोस्टारिकातल्या तुरियाल्बा गावच्या कारखान्यात घातलेले. माझी आई गोधड्या शिवायची, त्यामुळे टाका ओढताना दोन बोटांना केवढा काच बसतो हे मला ठाऊक आहे. त्या कामगार बायका-पुरुषांच्या हातांबद्दल मला आदरच आहे. इतक्या हातांतून एक थाऊचा फरक पडणं यात त्यांचा काडीचा दोष नाही.

चामडं निघालं, आठाच्या आकड्यासारखे दोन तुकडे. आत सुती-पॉलिएस्टरचा बारीक पांढरा धागा, साधारण १५० वार. नातू तो हॉलभर चालत उलगडत गेला, सोफ्याला वळसा घालून, जिन्याच्या कठड्यावरून. त्याखाली लोकर. आधी करडी, मग पांढरी, मग पुन्हा करडी आणि जाड. सगळे मिळून दीड फर्लांगाहून जास्त धागा एका मुठीत मावलेला असतो. शेवटी बोराएवढा गाभा, आत बूच आणि बाहेर रबर. लोकर किती ताणून गुंडाळली, किती सुकी होती, चामडं किती ओलं असताना शिवलं, शिवल्यावर शिवण किती दाबली, यातलं काहीही बदललं तरी चेंडू बदलतो. आणि हे सगळं बदललं तरी तो तुमच्या नियमात बसतो!

कारण तुमचा नियमच एवढा सैल आहे. वजन ५ ते सव्वापाच औंस. म्हणजे सात ग्रॅमची मोकळीक. उसळीच्या अंकाची मर्यादा ०.५१४ ते ०.५७८. सन २००० मध्ये मॅसॅच्युसेट्स लोवेल विद्यापीठाच्या केंद्रानं तपासून सांगितलं होतं की नियमात बसणारे दोन चेंडू घेतले, एक या टोकाचा आणि एक त्या टोकाचा, तर एकच फटका ४९ फूट पुढे-मागे पडू शकतो. पंधरा मीटर! माझ्या टेबलावर असं ड्रॉइंग आलं असतं तर मी ते सही न करता डिझाइनला परत पाठवलं असतं. त्यात ड्रॅगचा तर उल्लेखच नाही. ज्या गुणामुळे सगळा गोंधळ झाला, तो गुण पास-नापास ठरवताना मोजलाच जात नाही.

असं माझ्या नोकरीत एकदा घडलंय आणि ते मी विसरू शकत नाही. नव्वदच्या दशकात आमच्या एका पुरवठादाराकडून शाफ्ट यायचे. व्यास बरोबर, गोलाई बरोबर, फिनिश बरोबर. मी स्वतः पास केलेले. गाड्यांमध्ये बसल्यावर महिन्याभरात ऑइल सीलमधून तेल गळायला लागलं. लाइन थांबली. सीलवाल्याला धारेवर धरलं, तो बिचारा निर्दोष निघाला. शेवटी कळलं की शाफ्टवाल्यानं ग्राइंडिंग व्हील बदललं होतं आणि शाफ्टवर डोळ्यांना न दिसणारे स्क्रूसारखे बारीक आटे उमटत होते. शाफ्ट फिरला की ते आटे तेल बाहेर ढकलायचे. ड्रॉइंगमध्ये ते माप लिहिलेलंच नव्हतं, म्हणून आम्ही मोजत नव्हतो. त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. ड्रॉइंगमध्ये ते माप आलं, आणि पुरवठादारांना ताकीद गेली की माणूस, मशीन, मटेरियल, मेथड यांतलं काहीही बदललं तर माल पाठवायच्या आधी कळवायचं. आमच्याकडे याला फोर-एम चेंज म्हणतात. चाकण-भोसरीतल्या छोट्यात छोट्या शेडवाल्यालाही हा नियम पाळावा लागतो. तो म्हणू शकत नाही की माल ड्रॉइंगमध्ये बसतोय ना, मग तुम्हाला काय करायचंय. तुमचं कार्यालय मात्र वर्षानुवर्षं हेच उत्तर देत आलंय की चेंडू नियमात बसतोय.

आणि तुमच्या बाबतीत पुरवठादारही परका नाही. जून २०१८ मध्ये तुमच्या लीगनं एका गुंतवणूक कंपनीच्या जोडीनं तुमचे चेंडू बनवणारी रॉलिंग्ज कंपनी विकत घेतली, ३९.५ कोटी डॉलरला. खेळ तुमचा, नियम तुमचा, कारखान्यात हिस्सा तुमचा. जुलै २०१९ मध्ये क्लीव्हलंडच्या ऑल-स्टार सामन्याच्या वेळी पिचर जस्टिन व्हर्लँडरनं चेंडूबद्दल उघडपणे राग काढला तो यावरूनच. त्या मोसमात त्याला ३६ होम रन बसले आणि तरीही त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. तो रडका पिचर नव्हता. त्याच्या आधी, जूनमध्ये, तुम्ही स्वतःच मान्य केलं होतं की यंदाच्या चेंडूचा ड्रॅग थोडा कमी आहे. मोसम निम्मा झाल्यावर. हेच मार्चमध्ये सांगितलं असतं तर?

२०१९ चा सगळ्यात स्वच्छ पुरावा मात्र मेजर लीगमध्ये नाही, तिच्या एक पायरी खाली आहे. ट्रिपल-ए संघ आधी वेगळ्या, स्वस्त चेंडूनं खेळायचे. २०१९ मध्ये त्यांना पहिल्यांदा मेजर लीगचा चेंडू दिला आणि तिथले होम रन एका वर्षात ५० टक्क्यांहून जास्त वाढले. आणखी एक पायरी खाली डबल-ए, तिथं जुनाच चेंडू राहिला आणि तसं काही झालं नाही. हा प्रयोग कुणी ठरवून केला असता तरी इतका नेटका झाला नसता. मला त्या ट्रिपल-ए पिचरांचं वाईट वाटतं. वर जायला एक पायरी उरलेली, पगार तुटपुंजा, वय सरत चाललेलं, आणि त्याच वर्षी आकडे बिघडले. त्यांच्या आकड्यांपुढे चेंडू बदलल्याची फुली कोण मारणार?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उलटं झालं. प्लेऑफमध्ये चेंडू पुन्हा जड उडायला लागला. सेंट लुईस कार्डिनल्सचे व्यवस्थापक माइक शिल्ट यांनी सांगितलं की आमच्या आकडेमोडीनुसार चेंडू साडेचार फूट अलीकडे पडतोय. रॉब आर्थर नावाचे विश्लेषक पिचच्या, म्हणजे टाकलेल्या चेंडूच्या, वेगावरून ड्रॅग काढतात, त्यांनाही तेच दिसलं. मोसमभर एका मापानं खेळायचं आणि अजिंक्यपद दुसऱ्या मापानं ठरवायचं, हे मला आजही पटत नाही.

दुसरी बाजू मी सोडून देणार नाही. बॅटर आता बॅट खालून वर आणतात, चेंडू हवेत मारायचा सराव करतात, बाद व्हायची भीती बाळगत नाहीत. हे मी डोळ्यांनी बघतो आणि समितीनंही २०१९ मधला ४० टक्के वाटा बॅटरांनाच दिलाय. हवा तापल्यामुळेही थोडा फरक पडतो. डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की २०१० पासून पाचशेहून जास्त होम रन वाढत्या तापमानाच्या खाती जातात. पण दशकभरातले पाचशे आणि २०१८ ते २०१९ या एकाच वर्षातले जवळजवळ बाराशे, यांची तुलना होऊ शकत नाही. हवा आणि बॅटर इतक्या झटक्यात बदलत नाहीत आणि ऑक्टोबर आला म्हणून परत मूळपदावरही येत नाहीत.

२०२१ मध्ये तुम्ही चांगलं पाऊल टाकलं होतं. मोसमाआधी संघांना पत्र गेलं की लोकर जरा सैल गुंडाळलीय, चेंडू २.८ ग्रॅमपर्यंत हलका होईल, ३७५ फुटांपलीकडे जाणारे फटके एक-दोन फूट अलीकडे पडतील. बघा, २.८ ग्रॅमचा बदल तुम्हाला पत्र काढण्याइतका मोठा वाटला आणि नियमात मोकळीक त्याच्या अडीचपट आहे. पण मग मेरेडिथ विल्स यांनी त्या मोसमातले चेंडू उघडले. या बाई खगोलभौतिकीच्या डॉक्टर आहेत आणि अनेक वर्षं चेंडू उसवून मोजत आल्यात. २०१७ च्या चेंडूंचा लाल दोरा २०१४ पेक्षा सरासरी ९ टक्के जाड असल्याचं त्यांनीच शोधलं होतं. त्यांना दिसलं की २०२१ मध्ये मैदानावर दोन प्रकारचे चेंडू होते, नवे आणि जुने. नंतर तुमच्या लीगनं ते मान्य केलं. कोरोनामुळे कारखान्यात माणसं कमी होती, म्हणून आधीचा साठा वापरला. कारण अगदी समजण्यासारखं आहे. कारखान्यात असं होतं. पण आमच्याकडे असं झालं तर जुना माल आणि नवा माल वेगळ्या रंगाच्या क्रेटमध्ये जातो आणि ग्राहकाला कागद जातो. तुमच्या पिचरला त्या संध्याकाळी कुठला चेंडू हातात येणार हे माहीत नव्हतं. ते मोसम संपल्यावर बाहेर आलं, तेही एका बाहेरच्या बाईनं टाके उसवले म्हणून.

न सांगण्याची किंमत कोण देतं, हे पुढच्याच वर्षी दिसलं. २०२२ मध्ये ३० ही मैदानांवर चेंडू ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ठरावीक दमटपणाच्या कपाटात, ठेवायला सुरुवात झाली. होम रन ५,२१५ वर आले. अशा कंजूष वर्षात अॅरन जजनं ६२ मारले आणि रॉजर मॅरिसचा १९६१ चा अमेरिकन लीगमधला विक्रम मोडला. आमच्या घरात त्या रात्री पेढे नव्हते तर गूळ-खोबरं वाटलं. आणि डिसेंबरात बातमी आली की विल्स यांना त्या मोसमात तीन प्रकारचे चेंडू सापडले, त्यातले काही यांकीजच्या सामन्यांतले. तुमच्या कार्यालयानं ते साफ फेटाळलं. कोण बरोबर हे मी एडिसनच्या सोफ्यावर बसून ठरवू शकत नाही. पण दर बॅचचे आकडे आधीच लोकांसमोर असते तर ती बातमी एका दिवसात खरी किंवा खोटी ठरली असती. ते नव्हते म्हणून त्या सरळ माणसाच्या ६२ वर नाहक सावली पडली. नातवानं वहीत त्या पानावर काही लिहायचं का, असं मला विचारलं होतं. मी नको म्हणालो.

जपानमध्ये काय झालं ते तुमच्या कार्यालयात सगळ्यांना ठाऊक असणार, तरी लिहितो. २०११ मध्ये तिथं सगळ्या संघांना एकच नवा चेंडू दिला, उसळी कमी असलेला. २०१० मध्ये १,६०५ असलेले होम रन ९३९ वर आले, २०१२ मध्ये ८८१ वर. २०१३ मध्ये ते एकदम १,३११ झाले. आधी सांगितलं गेलं की चेंडू तोच आहे. जूनमध्ये कबुली आली की चेंडू गुपचूप बदललाय आणि बनवणाऱ्या कंपनीला गप्प राहायला सांगितलं होतं. आयुक्त र्‍योझो कातो म्हणाले, मला माहीत नव्हतं. पण चेंडूवर सही त्यांचीच होती. त्यांना पद सोडावं लागलं. त्याच मोसमात व्लादिमिर बॅलेंटिननं ६० होम रन मारून सादाहारू ओह यांचा ५५ चा जुना विक्रम मोडला आणि त्या पोराच्या पराक्रमालाही कायमची तळटीप चिकटली. कोरियात २०१९ मध्ये उलट केलं. उसळी कमी करणार असं आधी सांगितलं आणि केली. होम रन १,७५६ वरून १,०१४ वर आले. खेळ कंटाळवाणा झाला अशी कुरकुर झाली, पण फसवल्याची भावना कुणाची नव्हती.

तेव्हा माझं मागणं. चेंडू कमी उडावा की जास्त, हे मी सांगत नाही. तुम्हाला सहा हजार होम रन हवे असतील तर खुशाल असू द्या. १९२० मध्येही खेळ असाच बदलला आणि बेब रूथचे ५४ होम रन बघायला लोक लोटले. फक्त मोसम सुरू व्हायच्या आधी त्या वर्षीच्या चेंडूंचं सरासरी वजन, उसळी, शिवणीची उंची आणि ड्रॅग जाहीर करा, आणि नुसती सरासरी नको, दोन चेंडूंमध्ये फरक किती असतो तोही सांगा. ड्रॅगला नियमात जागा द्या आणि वजनाची सात ग्रॅमची मोकळीक आवळा. कारखान्यात लोकर, दोरा, चामडं, वाळवण्याची रीत, काहीही बदललं तर चेंडू मैदानावर जायच्या आधी दोन्हीकडच्या खेळाडूंना कळू द्या. प्रत्येक बॅचमधले काही चेंडू सीलबंद करून तुमच्या पगारावर नसलेल्या प्रयोगशाळेकडे ठेवा, म्हणजे पुढं कुणी शंका काढली तर चेंडूच उत्तर देईल. हे अवघड नाही. प्रत्येक पिचचा वेग आणि घट मोजणारी यंत्रं २०१५ पासून तुमच्या सगळ्या मैदानांवर लागलेली आहेत. बाहेरचे अभ्यासक तुमच्याच आकड्यांवरून ड्रॅग काढून छापतात. तुम्ही रोज सकाळी काढू शकता.

आणि एक छोटं मागणं, हे घरचं आहे. आम्ही उघडलेल्या त्या चेंडूच्या चामड्याच्या आतल्या बाजूला एक बारीक शिक्का सापडला. काही अक्षरं, काही अंक. बॅचचा असावा. विल्स बाई अशाच शिक्क्यांवरून चेंडू कधीचा ते ओळखतात. आम्हाला ते ओळखता आलं नाही. चेंडू २०२१ चा, म्हणजे नव्या गुंडाळीचाही असू शकतो आणि आधीच्या साठ्यातलाही. ते चामडं नातवाच्या टेबलावर ठेवलंय, वरच्या बाजूला तुमची सही, टाक्यांची भोकं सगळी शाबूत. त्या शिक्क्याची यादी तुमच्या कारखान्यात असणार. ती छापून टाका, किंवा निदान कळवा की आमच्या हाती आला तो चेंडू कुठला. त्यानं वहीत तारीख, बॅटर, पिचर लिहून ठेवलंय आणि चेंडूसाठी एक रकाना मोकळा सोडलाय.

कळावे,

आपला नम्र,
भोसरीचा एक निवृत्त इन्स्पेक्टर
मुक्काम एडिसन, न्यू जर्सी